जुन्या काँक्रीटची तहान

बाबा गेल्याचा निरोप आमच्या गावाहून, उंद्रीहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं वसतिगृहावर आणला. मी गणितं सोडवत होतो. हातातलं उदाहरण पूर्ण करूनच उठलो... असं का केलं, ते अजून कळत नाही. त्याला आता सव्वा महिना झाला. मला लिहिण्याची सवय नाही, पण माझी एक चूक बाबांच्या नावावर राहून गेली आहे.

बाबा गवंडी होते. सहीपुरतं लिहायचे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. राज्य नवं झालं त्या सुमारास बुलढाण्याच्या एका शाळेत पोहण्याचा उघडा हौद झाला, त्यावर बाबांनी काम केलं होतं. दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात थंडी एवढी पडली, की पहाटे हौदाच्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. काठात मुरलेलं पाणी गोठून फुगलं आणि काँक्रीटच्या ढलप्या सुटल्या. दुरुस्तीला शाळेनं बाबांनाच बोलावलं. रविवार होता म्हणून मीही गेलो.

बाबांनी टणक थर लागेपर्यंत सुटं काँक्रीट छिन्नीनं काढलं आणि ती जागा भिजवायला बादली उचलली. मी त्याच आठवड्यात वाचलेलं बोलून गेलो, "बाबा, पाणी नोका टाकू. पाणी जितकं कमी, तितकं काँक्रीट पक्कं. पुस्तकात छापेल हाय."

"अरे, जुन्या काँक्रीटले तहान असते. त्याले आधी पाजा लागते, नाही तं ते नव्याचं पाणी ओढून घेते."

"पन पुस्तकात..."

माल कालवणारा किसन हसला. "मिस्त्री, पोरगा तुमच्यावर हुकूम सोडून राह्यला!"

"सोडू दे बे! त्याच्यासाठीच तं कॉलेजात धाडला त्याले." बाबांनी बादली खाली ठेवली आणि कोरड्या जागेवरच नवा माल भरला. किती खुशीत होते तेव्हा...

पुस्तकातली गोष्ट नव्या मालात कालवायच्या पाण्याची होती. जुनं काँक्रीट कोरडं ठेवा, असं त्यात कुठंच नव्हतं. पंधरा दिवसांत सगळी ठिगळं हातात निघून आली.

"मिस्त्री, हात थकला का तुमचा?" कामावर देखरेख करणाऱ्या शाळेच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"हाव मास्तर, माह्याच हातानं चुकलं."

मी दोन पावलांवर उभा होतो. बोललो नाही. बाबांनी ते काम पुन्हा आपल्या पद्धतीनं केलं. परतताना मी म्हणालो, "बाबा, मी सांगाले पाह्यजे होतं."

"काऊन? तुले अजून लय शिकाचं हाय. माह्यं शिकून झालं."

त्यानंतर शाळेनं त्यांना कधी बोलावलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात मी मास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं. "आधी यायला पाहिजे होतंस," एवढंच ते म्हणाले आणि मला हौदावर घेऊन गेले. हौद सफाईसाठी रिकामा होता. यंदाची थंडी झेलूनही बाबांचं काम जसंच्या तसं होतं. ओल्या मालावर अंथरलेल्या गोणपाटाची वीण त्यात उमटली होती. एका ठिकाणी ती खोल दबलेली होती. तिथं बाबा गुडघा टेकून बसले असणार.

मी तिथं माझा गुडघा टेकून पाहिला. खळगा मोठा होता.