साध्या पाण्यातल्या पेशी

मी आयुष्यात रक्ताच्या किती पेशी मोजल्या असतील, असं कोणी विचारलं तर मी हात जोडीन. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन होते, आणि त्यातली पहिली दहा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. चौकोन आखलेल्या काचेवर पातळ केलेल्या रक्ताचा थेंब सोडायचा, एकेका चौकोनातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, प्रत्येक पेशीला हातातल्या डबीचं बटण टक्कन दाबायचं. एक माणूस झाला की दुसरा. संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाईंनी निवडायला तांदळाचं ताट पुढे केलं की मला रडू यायचं. त्यांना वाटायचं, सुनेला कामाचा कंटाळा. खरंच होतं ते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्याकडे पेशी मोजणारं मशीन आलं. परदेशातून आलं आणि शहराबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तीन आठवडे पडून राहिलं, कारण कागदांवर कोणाची तरी सही नव्हती. मुंबईहून आलेल्या इंजिनियरने दोन दिवस खपून ते बसवलं आणि मला समोर बसवून समजावलं. काचेच्या नळीला केसाच्या जाडीएवढं एक भोक. नळीच्या आत मिठाचं पाणी, बाहेर रक्त मिसळलेलं मिठाचं पाणी, आणि दोन्हींतून जाणारी बारीकशी वीज. पाणी भोकातून आत ओढलं जातं तेव्हा पेशी एकेक करून जातात. पेशी भोकात शिरली की तेवढ्यापुरती विजेची वाट अडते. छोट्या पडद्यावर हिरवी रेघ टुणकन उडी मारते आणि मशीन एक आकडा पुढे सरकतं. मला जिथे दहा मिनिटं लागायची तिथे याला अर्धं मिनिटही लागत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्या डब्यावरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

इंजिनियरने जाताना दोन गोष्टी बजावल्या. प्रत्येक खेपेआधी नुसतं मिठाचं पाणी मशीनमधून काढून बघायचं, त्याचा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आणि लॅबच्या मागच्या भिंतीलगत मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा ओला ठेवायचा. तुमच्याकडचा उन्हाळा ऐकून आहे, तो म्हणाला, एप्रिल लागला की रोज बादलीभर पाणी या खड्ड्यात गेलंच पाहिजे. माती सुकली तर आजूबाजूच्या पंखे-पंपांच्या मोटारींचा विजेचा गोंधळ मशीनमध्ये शिरेल आणि मशीन त्यालाही पेशी समजून मोजेल. मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं जमायचं.

पहिला उन्हाळा नीट निभावला. दुसऱ्या मे महिन्यात दवाखान्याच्या नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी येऊ लागलं. भिवापूरकडच्या एक मावशी आमच्याकडे अटेंडंट होत्या, त्या मिळेल तेवढं भरून ठेवायच्या. बाटल्या धुणं, काचा धुणं यातच ते संपायचं. खिडकीतल्या कूलरलाही पाणी लागायचं, आणि कूलरशिवाय त्या खोलीत दुपारी बसणं म्हणजे भट्टीत बसणं. एका दुपारी मावशी उरलेली बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ताई, एकच बादली आहे वं. कूलरले टाकू का खड्ड्यात?"

"कूलरले टाक, मावशी. खड्ड्याचं उद्या पाहू."

हे उद्या तीन आठवडे चाललं. पुन्हा कोणी विचारलंही नाही. नुसत्या पाण्याची तपासणी मी सकाळी आल्याबरोबर एकदा करायची आणि दिवसभर तिच्यावर भागवायची. ते पाणी दोनदा गाळून घ्यावं लागायचं आणि माझ्या अंगात त्राण नसायचं. सकाळी कूलर बंद असायचा. आकडा शून्याजवळ यायचा. कूलर साडेअकराला सुरू व्हायचा.

काटोलच्या एका शाळेतल्या बाई दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे यायच्या. त्यांची बस दुपारी पोचायची, म्हणून त्यांचं रक्त नेहमी दुपारच्या खेपेत. चाळिशीच्या असतील. बाहेरच्या बाकावर बसून मांडीवर उत्तरपत्रिका तपासत असायच्या आणि नाव पुकारलं की लाल पेन केसांत खोचून आत यायच्या. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता, वर्षभर गोळ्या चालू होत्या आणि गोळ्या लागूही पडत होत्या. त्या गोळ्यांची गोम अशी की या आजारात भरमसाठ वाढलेल्या पांढऱ्या पेशी पुरेशा खाली आल्या की गोळ्या वेळीच थांबवायच्या. आमच्या डॉक्टरांनी दहा हजारांची रेघ आखली होती. थांबवल्या नाहीत तर गोळ्या पेशींचा कारखानाच बंद पाडतात आणि मग साधा ताप माणसाला घेऊन जातो. म्हणजे बाईंचं जगणं मी लिहून देणार त्या आकड्यावर होतं, आणि मला ते पुरेपूर माहीत होतं.

मेच्या मध्यावर त्यांचा आकडा आला बारा हजार चारशे. रिवाजाप्रमाणे मी रक्ताचा थेंब साध्या काचेवर पातळ ओढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला. काचेवर पांढऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या. दहा वर्षं मोजलेल्या माझ्या डोळ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे बारा हजार नाहीत. मी काय केलं? थेंब नीट ओढला गेला नाही असं स्वतःला सांगितलं आणि मशीनचा आकडा कागदावर उतरवला. चौकोनांची जुनी काच कपाटातच होती. ती काढायची म्हणजे पुन्हा डोळे फोडायचे. मला कंटाळा आला. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

डॉक्टरांनी कागद पाहून गोळ्या चालू ठेवल्या.

पंधरा दिवसांनी बाई आल्या त्या नवऱ्याच्या खांद्याला धरून. अंगात ताप, तोंड आलेलं, दंडावर निळे डाग. डॉक्टरांनी स्वतः काच पाहिली आणि मला बोलावून विचारलं की मागचा आकडा कोणी काढला. मी परत जागेवर येऊन हाताने मोजलं. नऊशे. तेच रक्त मशीनला दिलं तर साडेआठ हजार. मी नुसतं मिठाचं पाणी लावलं, ज्यात रक्ताचा थेंबही नव्हता. हिरवी रेघ उड्या मारत राहिली, आकडा हजारांत चढत गेला. मी परत लावलं, परत तेच. एवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मावशींनी त्याचं बटण बंद केलं आणि माझ्यासमोर ती रेघ सपाट झाली. मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहून मला स्टूलवर बसवलं.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा काढून डोळे चोळत बसले, मग म्हणाले की मशीन नादुरुस्त असं लिहून ठेवा आणि इंजिनियरला तार करा. बाईंना वॉर्डात दाखल केलं, गोळ्या बंद केल्या, रक्त चढवलं. मी रोज सकाळी वॉर्डात जाऊन त्यांच्या बोटाचं रक्त घ्यायची आणि काचेवर हाताने मोजायची, प्रत्येक वेळी दोनदा. आठशे. सहाशे. पुन्हा सहाशे. त्या रोज विचारायच्या, मी रोज खरा आकडा सांगायची.

सहाव्या दिवशी मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. नवरा चहा आणायला गेला होता. मी खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. बादली, खड्डा, कूलर, मला खटकलेली आणि मी दडपलेली काच. चूक मशीनची नाही, माझी आहे, म्हटलं.

"मले थकवा येऊन राहिला होता ताई, मेच्या सुरुवातीपासूनच," बाई सावकाश म्हणाल्या. तोंडातल्या फोडांमुळे त्यांना बोलताना त्रास होत होता. "पण तुमच्या कागदावर बरोबर होतं. मग मी घरी कोणाले सांगितलंच नाही."

मी त्यांच्या पायांवर हात ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "त्या दुपारी माझ्याजवळ बाकावर जे लोक बसले होते, त्यायचं बी पाहिलं काय तुम्ही?"

नव्हतं पाहिलं. सहा दिवस मी झोपले नव्हते, जेवले नव्हते, स्वतःला शिव्या घातल्या होत्या, आणि त्या तीन आठवड्यांच्या दुपारी ज्या इतरांचे आकडे मी असेच लिहून दिले होते त्यांतला एकही माणूस माझ्या मनात आला नव्हता. मला ते सुचलंच नव्हतं. सुचलं ते मरणाच्या दारात पडलेल्या बाईला. मी नाही म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि मला अजूनही कळलेलं नाही की तो थकवा होता की माझा वीट.

दोन दिवसांनी त्या गेल्या. त्याच दुपारी मी रजिस्टर काढून बसले. डॉक्टर म्हणाले, बोभाटा होईल, राहू द्या. मी राहू दिलं नाही. दुपारच्या खेपेतली एकतीस नावं निघाली. एकतीस पोस्टकार्डांवर मी एकच मजकूर लिहिला, की तुमचं रक्त पुन्हा तपासायचं आहे, चूक आमच्याकडून झाली आहे, लवकर या. हात भरून आला तरी मावशींना एकही कार्ड लिहू दिलं नाही.

अकरा जण आले. त्यांचं मी हाताने मोजलं. उरलेल्या विसांचं काय झालं, मला माहीत नाही.