अंबाजीच्या खिशातली चौथी घडी

"मी वाचलंय. तू वाच, मंग भांडायला ये."

कृष्णाबाईचं हे वाक्य आमच्या वाडीतल्या चौदा ते सतरा वर्षांच्या प्रत्येक पोरापोरीने ऐकलेलं आहे. पुस्तक हातात देताना ती हे म्हणायची आणि म्हणून झालं तरी पुस्तक लगेच सोडायची नाही. एक टोक तिच्या मुठीत, एक टोक तुमच्या मुठीत. तुम्ही मान हलवलीत की मग तिची बोटं सैल व्हायची.

वाडी आमची नागावच्या आतल्या अंगाला. समुद्राकडे नारळी-पोफळी, इकडे भाताची खाचरं, आणि भात निघालं की त्याच खाचरांत पांढरा कांदा. कृष्णाबाईचं माहेर तळा गावाकडचं. भात लावायचं, भात कापायचं, याखेरीज तिला लहानपणी कोणी काही शिकवलं नाही. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी वाडीत प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा ती तिशीची होती. वर्ग सहा महिन्यांत बंद पडला. बाकीच्या बाया सही करण्यापुरतं शिकून घरी बसल्या. कृष्णाबाई थांबली नाही. मिठाच्या पुड्यांचे कागद वाचले, भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या, शेवटी वाचनालयात झाडू मारायचं काम मागून घेतलं.

वाचनालय म्हणजे देवळाशेजारची एक खोली आणि दोन कपाटं. अध्यक्ष तात्या. ते निवृत्त शिक्षक, स्वतःची पोफळीची बाग असलेले, शब्द मोजून बोलणारे. कृष्णाबाई सकाळी दार उघडायची, सतरंजी घालायची, संध्याकाळी दार लावायची. चावी तिच्या कमरेला. पुस्तकं निवडायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते तिने आपणहून अंगावर घेतलं.

"तात्या, या कपाटात पोथ्या नि थोरांची चरित्रं. त्या कपाटात पऱ्या नि राक्षस. मिसरूड फुटलेल्यांनी काय वाचायचं?"

"अभ्यासाची पुस्तकं," तात्या म्हणाले.

तिचा नवरा तुळशीराम मुंबईला गोदीत कामाला होता. वर्षातून दोनदा ती त्याला भेटायला रेवसहून लाँचने जायची, आणि त्याच्या खोलीवर जाण्याआधी पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. नवीन काय आलंय ते मागायची आणि तिथेच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. दुकानदार वैतागायचा.

"बाई, हे दुकान आहे, वाचनालय नाही."

"म्हणून तर वाचते. न वाचलेलं मी वाचनालयात नेत न्हाय."

दहातली आठ ती परत ठेवायची. एकदा एक गुळगुळीत कव्हराची कादंबरी तिने दुकानदाराच्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्या माणसाला सोळा वर्षांची पोर कधी भेटलीच न्हाय. ह्याची पोर सारखी गालात हसते."

जे पुस्तक आणायची, ते कोणाला द्यायचं हे ती वाटेतच ठरवायची. रघूचा थोरला भाऊ खाडीत बुडाला, तेव्हापासून रघू कोणाशी बोलत नव्हता. सगळे त्याला हसवू बघत होते. कृष्णाबाईने त्याला नदीवर राग धरून बसलेल्या एका मुलाची गोष्ट दिली. चार दिवसांनी रघू खरोखर भांडायला आला.

"शेवट खोटा हाय, काकू."

"मंग खरा सांग."

तो सांगायला लागला. ऊन पायरीवरून खाली उतरलं, गुरं घरी आली, तरी तो सांगत होता.

पुस्तक एक आणि वाट बघणारे वीस, ही तिची अडचण. त्यावर तिने एक युक्ती काढली होती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवून बांधलेलं असतं. ती ब्लेडने शिवण उसवायची, प्रत्येक घडीला जुन्या वर्तमानपत्राचा कागद लावायची आणि त्यावर आकडा घालायची. पहिली घडी वाचून आणून दिली की दुसरी मिळणार. असं एक पुस्तक एकाच वेळी आठ-नऊ घरांतून फिरायचं. सगळ्यांचं झालं की दाभणाने ते पुन्हा शिवायची. छापखान्याने घातली नसेल अशी घट्ट शिवण.

सत्तावन्न सालच्या माघात ती एक नवी कादंबरी घेऊन आली. लेखक नवा, त्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. गोष्ट सोळा वर्षांच्या एका मुलीची. तिचा बाप माल वाहणाऱ्या मचव्याचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीचा, तांडेल. तो आजारी पडतो आणि मचवा कोण नेणार असा प्रश्न येतो. नऊ घड्यांचं पुस्तक. कृष्णाबाईने ते वाचनालयाच्या पैशातून न घेता स्वतःच्या कांद्याच्या माळी देऊन आणलं होतं, इतकं तिला ते आवडलं होतं.

अंबाजीची गोदू तेव्हा पंधराची. तीन घड्या तिने आठवड्यात संपवल्या. चौथी तिने भाताच्या कणगीमागे ठेवली आणि ती नेमकी अंबाजीच्या हाताला लागली. अंबाजी चौथी शिकलेला, वाचता येत होतं. बसला वाचायला. त्या सोळा पानांत ती मुलगी बापाला उलटून बोलते, दोर कापते आणि मचवा एकटी खाडीबाहेर काढते. आधीची पानं अंबाजीने पाहिली नव्हती, पुढची मागितली नाहीत. घडी खिशात घातली आणि थेट वाचनालयाच्या सभेत येऊन उभा राहिला.

"ऐका ही काय वाटते पोरांना. पोर बापाला म्हणते, 'सुकाणू मी धरणार, तुम्ही पडून राहा.' बापाला! पडून राहा!"

"बाप तापाने फणफणलाय, भाऊ," कृष्णाबाई दारातून म्हणाली. "ते दुसऱ्या घडीत हाय."

"मला दुसरी कोनी दाखवली न्हाय."

"तुमी मागितली न्हाय."

समितीतली दोन माणसं हसली. तात्यांनी चष्मा पुसला. "कृष्णाबाई, हसण्यावारी नेऊ नकोस. ते पुस्तक इथे जमा कर आणि अंबाजीची माफी माग. यापुढे तरुण मुलांची पुस्तकं मी निवडीन."

"तुमी वाचलंय ते?"

"गरज नाही. अंबाजीने वाचून दाखवलं तेवढं पुरे आहे."

कृष्णाबाई आत आली. "चूक माझी हाय," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. "घड्या सुट्या दिल्या ती चूक. तिची माफी मागते. पुस्तकाची मागनार न्हाय. आन् जमा करायला ते वाचनालयाचं न्हाय, माझ्या कांद्याचं हाय."

"मग चावी ठेव," तात्या म्हणाले. "परवापर्यंत विचार कर. माफी नाहीतर चावी."

"परवा अंबाजीभाऊंच्या खळ्यावर कांद्याच्या माळी विणायच्या हायत," ती म्हणाली. "मी तिथं येते. अख्खं पुस्तक वाचते."

अंबाजीला तिला नको म्हणता येईना. कारण कांद्याच्या माळी विणायचा आमच्याकडे रिवाज आहे. पाळीपाळीने एकेका घरच्या खळ्यावर सगळ्यांनी जमायचं आणि वाळल्या पातीत पात गुंफत कांद्यांच्या माळी करायच्या. कांदा खळ्यावर पसरलेला असेतोवर विणायला आलेल्या माणसाला उठवून लावत नाहीत. आणि जो वाचून दाखवेल किंवा गाणं म्हणेल, त्याच्या वाटणीच्या माळी बाकीच्यांनी विणायच्या.

दोन दिवसांत कृष्णाबाईने आठ घड्या गोळा केल्या. कोणी देव्हाऱ्यामागून काढून दिली, कोणी उशाखालून. एकीवर हळदीची बोटं उमटली होती.

अंबाजीच्या खळ्यावर त्या दिवशी सकाळीच बाया, पोरी, पोरं मिळून पंचवीस तरी माणसं होती, मीही त्यांतच. अंबाजीची बायको अनुसूया हिने कृष्णाबाईला आंब्याच्या सावलीत जागा करून दिली आणि नवऱ्याकडे बघितलं नाही. तात्याही आले. त्यांना खाट टाकून दिली. अंबाजी कांदे निवडत असल्यासारखा खळ्याच्या कडेने फिरत होता. छाती हलली की त्याच्या खिशातला कागद वाजत होता.

कृष्णाबाई वाचायला लागली. तिचा आवाज गोड नव्हता. भात पाखडताना सुपाचा येतो तसा कोरडा, सारखा. पहिली घडी झाली, दुसरी झाली. बापाला ताप चढतो तिथे बायांचे हात थांबले. तिसरी संपली आणि ती थांबली.

"पुढं?" माळी विणायला आलेली जनी ओरडली. जनीला कुठेच दम नसायचा.

"चौथी अंबाजीभाऊंच्या खिशात हाय."

"ती माझ्याकडंच ऱ्हानार," अंबाजी म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या." तिने हात मांडीवर ठेवले. "मी पाचवी वाचनार न्हाय. अर्धं वाचून काय होतं ते आपन बघितलंय."

कांद्याची टरफलं वाऱ्याने खळ्यावर सरकत होती. मग गोदू उठली. अनुसूयेने तिचा परकर ओढला, तिने तो सोडवून घेतला.

"मला चौथी पाठ हाय," ती म्हणाली. "मी सांगते."

बापाकडे न बघता तिने सांगायला सुरुवात केली. आवाज आधी कापत होता, मचव्यापाशी आली तेव्हा कापेनासा झाला. "ती म्हणते, सुकाणू मी धरनार, तुमी पडून राहा. आन् दोर कापते. तवा बाप उठून बसतो नि म्हनतो, जा, मर जा..."

"तसं न्हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. बोलला होता अंबाजी. कांदे हातात तसेच.

"'जा, पर वारा बघून जा.' असं म्हनतो तो. 'मर' न्हाय म्हनत. बाप हाय तो."

"अगं बया!" जनी म्हणाली. "भाऊ, हे सभेत न्हाय सांगितलंत!"

खळं हसलं. म्हाताऱ्या हसल्या, पोरं हसली, अनुसूयेने पदर तोंडाला लावला. अंबाजीचे कान लाल झाले. त्याने खिशातून घडी काढली आणि कृष्णाबाईपुढच्या कांद्यांवर टाकली.

"वाच पुढं. आन् नीट वाच. ह्या पोरीनं वाऱ्याचं सगळं गाळलंय."

तिने चौथी वाचली आणि मग नवव्या घडीपर्यंत वाचत गेली. मुलगी माल उतरवून, बापाचं औषध घेऊन परत येते. वाचून झालं तेव्हा तिच्या वाटणीच्या माळी आंब्याच्या फांदीला टांगून झाल्या होत्या.

"दोर कापायला नको होता," अंबाजी म्हणाला. "सोडवता येतो. चांगला दोर वाया."

"भिजलेली गाठ सुटते काय, बाबा?" गोदू म्हणाली.

"मला शिकवतेस?"

"भांडा," कृष्णाबाई म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

तात्या खाटेवरून उठले. "वाचन झालं. माफीचं काय?"

"तात्या, आता कशाला?" अंबाजी पुटपुटला.

"समितीचा ठराव आहे. घराघराने खळ्यावर ठरवायचं तर समिती कशाला?"

कृष्णाबाईने कमरेची चावी सोडली आणि खाटेवर ठेवली. "घ्या. पोरांची पुस्तकं तुमी निवडा. पर निवडायच्या आधी वाचा, तात्या, एवढं करा."

"आणि तू?"

"मला पलीकडच्या वाडीत पोरं हायत. त्यांनी हे अजून वाचलेलं न्हाय."

तिने नऊ घड्या आकड्यांप्रमाणे लावल्या, मेणकापडात गुंडाळल्या आणि काखेत मारल्या. पुढे बारा वर्षं ती अशीच गावोगाव हिंडली. वाचनालयाची पायरी ती पुन्हा चढली नाही. त्या संध्याकाळी मात्र ती फक्त उठली, पदर खोचला आणि खाचरांच्या बांधावरून निघाली. मागे वळून पाहिलं नाही.

तात्यांनी चावी उचलली होती, पण कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं. गोदू बांधाच्या टोकापर्यंत धावत गेली आणि तिथेच थांबली. अंबाजी खळ्यावर उभा राहून, डोळ्यांवर हाताची सावली धरून, मेणकापडाची ती काळी गुंडाळी खाडीच्या बंधाऱ्यापलीकडे उतरेपर्यंत बघत राहिला.