शांत स्वभावाचा शिंगाळा

दुकानदार खोटं बोलला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. भाईंदर पूर्वेच्या त्या दुकानात बोटभर लांबीचा एक कॅटफिश टाकीच्या तळाशी पोट टेकून बसला होता. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपटी आणि मिशा अशा, की नाटकात खलनायकाचं काम मागायला आलाय. बाकीच्या माशांना काही करणार नाही ना, असं मी विचारलं. "एकदम शांत है, साहब," दुकानदार म्हणाला. आणि होताच तो शांत. इतका शांत प्राणी मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या सोसायटीच्या सभेत तर नाहीच.

ही दिवाळीतली गोष्ट. घरी आईने त्याला पाहिलं. आई रत्नागिरीची, तिचा माशांचा अभ्यास टोपलीतला. "हा शिंगाळ्यातला आहे," ती म्हणाली. "बायला खाईल."

बाय म्हणजे आईची गोल्डफिश. माझ्या मुलीला कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मिळालेली, पाण्याच्या पिशवीतून आलेली. आम्ही सगळ्यांनी तिला दोन दिवसांची पाहुणी धरलं होतं. आईने तिला लोणच्याच्या बरणीत जगवलं, मग तिच्यासाठी हॉलमध्ये टाकी आली. सात वर्षांत बाय तळहाताएवढी झाली. आई खुर्ची ओढून तांदूळ निवडायला बसली की ती काचेशी येऊन उभी राहायची आणि आई तिला घरातल्या तक्रारी सांगायची. बहुतेक माझ्याविषयीच्या.

मी आईला शास्त्र समजावलं. हा मासा पाठलाग करत नाही, भांडत नाही. तोंडात मावेल तेवढंच गिळतो, आणि बाय त्याच्या दुप्पट आहे. हे सगळं खरं होतं. फक्त हे माप दर महिन्याला बदलणार, एवढं सांगायचं मी टाळलं.

आठवड्याभरात टाकीत बायसोबत असलेले छोटे गप्पी मासे नाहीसे झाले. उडी मारून बाहेर पडले असतील, असं मी म्हणालो. आईने झाडू घेतला आणि सोफ्याखाली, टीव्हीमागे, चपलांच्या स्टँडखाली झाडून काढलं. एक जुनी पेन्सिल सापडली. ती तिने माझ्यासमोर ठेवली.

मला मात्र त्या माशाने जिंकलं होतं. सोललेली कोळंबी हातात धरली की तो सावकाश वर यायचा, मिशांनी माझी बोटं चाचपायचा आणि मग एकदम तोंड उघडायचा. चावणं नाही, ओढणं नाही. पाण्याचा एक घोट घ्यावा तशी कोळंबी आत जायची. पोट चेंडूसारखं होईपर्यंत खायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस पंगत उठल्यावर कलंडलेल्या पाहुण्यासारखा तळाशी पडून राहायचा. बाय त्याच्या अंगावरून जायची, त्याला पत्ता नसायचा. "बघ, साधू आहे," मी आईला दाखवायचो. आलेल्या-गेलेल्यांनाही हेच ऐकवायचो. पावसाळा लागला तसा साधू दीड वीत झाला आणि त्याचं तोंड माझ्या मुठीएवढं.

मग श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मासळी उंबरठ्याच्या आत येत नाही. आषाढाच्या शेवटच्या रविवारी फ्रिजमधली कोळंबी संपली आणि आईने जाहीर केलं, "महिनाभर त्यालाही नाही. साधू आहे ना, राहील."

आता मी काय बोलणार? त्याला कोळंबी हवीच, नाहीतर बायचं काही खरं नाही, असं म्हणायचं तर इतक्या महिन्यांची कीर्तनं मागे घ्यावी लागली असती. मी मान डोलावली.

दुकानातल्या सुक्या गोळ्या आणल्या. त्याने एक तोंडात घेतली आणि कल्ल्यांतून तिचा भुगा बाहेर सोडला. दुसरीला तोंडही लावलं नाही. पहिला आठवडा पडून राहण्यात गेला. दुसऱ्यात तो काचेला लागून येरझारा घालू लागला, मिशा पुढे रोखून. तिसऱ्यात त्या मिशा बायच्या पाठोपाठ जाऊ लागल्या. ती वळली की तो वळायचा. घाई अजिबात नाही. बाय फिल्टरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात राहू लागली. आई तांदूळ घेऊन बसली तरी खाली येईना.

"ही घाबरलीय," आई म्हणाली.

"मैत्री झालीय त्यांची," मी म्हणालो. सुचलं ते बोललो.

रविवारी सकाळी पाणी जोरात हिंदकळलं. मी आंघोळीहून आलो तर बायचं डोकं त्याच्या तोंडात आणि नारिंगी शेपटी बाहेर. पोटाशी रुंद असल्याने ती अडकली होती. मी जाळी शोधत धावाधाव केली, सापडली नाही. आई मात्र टाकीशी गेली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि लहानपणी आम्हा भावंडांची मारामारी सोडवताना लावायची त्या आवाजात म्हणाली, "सोड तिला."

तिचं ऐकून म्हणा किंवा घास आत जाईना म्हणून म्हणा, त्याने बायला ओकलं. दोन्ही कुशींचे खवले गेले होते, पण कल्ले हलत होते. आईने तिला बादलीत घातलं, पाण्यात चिमूटभर खडेमीठ टाकलं आणि मग माझ्याकडे वळली. आता मी सगळं सांगितलं. मापाचं, गप्पींचं, भुकेचं.

"जा, कोळंबी घेऊन ये."

"आई, श्रावण आहे."

"मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी खरं बोलला असतास तर तेव्हाच आणू दिली असती."

गोडदेवच्या बाजारात चौक गावाहून येणारी एक कोळीण मावशी बसते. आमच्या घरचा श्रावण तिला पाठ. मला पाहून तिने भुवया वर नेल्या. माशासाठी हवीय, मी म्हणालो. शेजारच्या दोघींनीही माना वळवल्या.

"श्रावनात कोनी कुत्र्याच्या नावावर नेतं, कोनी मांजराच्या," मावशी कोळंबी तोलत म्हणाली. "माशाच्या नावावर नेनारा तूच पयला हाय. जा, आयेला न्हाय सांगत."

त्याला आमच्या घरचं शेवटचं जेवण आईनेच दिलं, स्वतःच्या हाताने, उंबरठ्याच्या आत. त्याने तिची बोटं मिशांनी चाचपली आणि अलगद कोळंबी घेतली. "स्वभावाने वाईट नाही रे," ती म्हणाली. कुणाच्या तुलनेत, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्याला काशीगावात नेलं. तिथे ओळखीच्या एका माणसाच्या भातशेतीच्या जागी आता टेम्पो उभे असतात आणि सिमेंटच्या मोठ्या हौदात असलेच मिशीवाले पाळलेत. तिथे तो सगळ्यांत लहान ठरला.

बायला गणपतीच्या आधी टाकीत सोडलं. खवले पुन्हा आले, थोडे फिक्या रंगाचे. आई तांदूळ घेऊन बसली की ती पूर्वीसारखी काचेशी येते. मी जवळ गेलो की मात्र फिल्टरच्या मागे जाते.