गिरणी आणि तांबडा खटका

पोलादपुरातल्या आमच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथं पेंडीची पोती असायची. सून आली महाडची, शिकलेली. मुलगा मुंबईला नोकरीत. त्यानं तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तिनं त्या खोलीत दुपारी चार ते सहा या वेळात मुलींना टायपिंग शिकवायला सुरुवात केली. माझी काही हरकत नव्हती. हरकत कॉम्प्युटरला होती. मी गिरणीची मोटार चालू केली की तो बंद पडायचा, मग आपला आपण चालू व्हायचा. एक दिवस चालूच झाला नाही.

महाडहून मेकॅनिक आला, म्हणाला पॉवर सप्लाय गेला. म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागची पत्र्याची पेटी, जिच्यातून आतल्या सगळ्याला वीज जाते. सून म्हणाली नवीन बसवू, पण मामा, निदान क्लासच्या वेळेत गिरणी बंद ठेवा.

माझी शाळा चौथीत सुटली. पण ही गिरणी मी माझ्या हातानं उभी केली. घरात लग्न असताना ती बंद राहिली नाही, शिमग्याला राहिली नाही, ती टायपिंगसाठी बंद ठेवू? दळण घेऊन आलेल्या बायांसमोर मी बोलून बसलो, "पेटी मीच आणीन नि मीच बसवीन. गिरणी चालू असताना ती चालली, तर पुन्हा गिरणीचं नाव काढायचं नाय. नाय चालली, तर चार ते सहा गिरणी बंद."

"सगळ्यांनी ऐकलंय हं, मामा," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं महाडला गेलो. दुकानदार पोरसवदा. त्यानं विचारलं, किती वॅटचा देऊ? मी विचारलं, तुझ्याकडं किती घोड्यांचा आहे? आमच्या धंद्यात मोटार घोड्यांवर मोजतात, आणि साडेसातशे वॅटला एक घोडा हे मला पाठ. त्यानं दाखवलेल्या दोन्ही पेट्या अर्ध्या घोड्याच्याही नव्हत्या. तसं मी म्हणालोही. तो म्हणाला, काका, ह्याच्यावर दळायचं नाही.

मग मी आपल्या पद्धतीनं बघितलं. एक पेटी ह्या हातात, एक त्या हातात. तरी खात्री होईना, म्हणून दोन्ही घेऊन शेजारच्या वाण्याच्या तराजूत घातल्या. वाणी साखर जोखत होता, त्याला थांबवलं. जड निघाली ती घेतली. पेटी बांधताना दुकानदार म्हणाला, मागं तांबडा खटका आहे, तो आहे तिथंच राहू द्या. मला कोणी असं शिकवलेलं आवडत नाही.

जुनी पेटी काढायच्या आधी प्रत्येक वायरीला मी वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. गिरणीत डबे बदलू नयेत म्हणून बांधतो, तशी. चार स्क्रू काढले, पेटी बाहेर आली. जरा आपटली तर आतून पीठ गळलं. बोटांवर घेतलं. तांदळाचं होतं, मध्ये नाचणीचा थर.

सून डोकावली. "मामा, घावनं होतील एवढ्यात."

मी म्हणालो हवेतून कुठून तरी येतं. तिनं नुसतं गिरणीकडं बघितलं.

नवी पेटी चिंध्या बघून बघून बसवली. एकही वायर चुकली नाही, हे सून आजही कबूल करते. राहिला तांबडा खटका. त्यावर एका बाजूला दोनशे तीस व्होल्ट लिहिलेलं, सरकवला की एकशे पंधरा. आता माझ्या गिरणीत व्होल्टेजचं मीटर आहे. मोटार फिरत असली की त्याचा काटा दीडशेवर बसतो. दीडशेला जवळचं कोण? एकशे पंधरा. दोनशे तीस आमच्या वाट्याला कधी येतंय? दुकानदार महाडचा, त्याला पोलादपूरची वीज काय ठाऊक. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खटका सरकवला.

चार वाजता मुली येऊन बसल्या. मी आधी गिरणी चालू केली, मग सुनेला खूण केली. कॉम्प्युटर चालू. बंद पडला नाही, डोळासुद्धा मिटला नाही. मी मुद्दाम तांदूळ ओतत राहिलो आणि दर थोड्या वेळानं दारात जाऊन उभा राहिलो. सून टायपिंग सांगत होती, माझ्याकडं बघत नव्हती. हरलेलं माणूस बघत नाही. मी चहा मागवला.

चहा आला तेव्हा दळण संपलं. मी मोटार बंद केली. मोटारीचा भार सुटला तसा मीटरचा काटा सरसर दोनशे तीसवर चढला, आणि भिंतीपलीकडं फटाका वाजला. मुली चपला विसरून बाहेर आल्या. मागनं काळा धूर, धुरामागनं सून.

तिनं बटण बंद केलं, कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघितलं. "हा खटका कोणी सरकवला?"

मी म्हणालो, आधी न्याय कर. गिरणी चालू होती तोवर पेटी चालली का नाही? चालली. गेली कधी? गिरणी बंद झाल्यावर. मग दोष गिरणी चालण्याचा का गिरणी बंद पडण्याचा?

"बरोबर आहे मामा," ती म्हणाली. "मग आता दिवसरात्र दळत राहा. दळण संपलं तर दळण द्या म्हणून गावात ओरडत फिरा."

बाया दारातच होत्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सगळ्या सुनेच्या बाजूनं झाल्या.

पेटी सोडून बाकी सगळं शाबूत होतं. तिसरी पेटी सून स्वतः जाऊन घेऊन आली, वजनाला हलकी. तांबड्या खटक्यावर तिनं चिकटपट्टी मारली. मी तिकडं बघतही नाही. बोललेला शब्द मात्र पाळला. चार वाजले की मोटार बंद. टायपिंगसाठी बंद आहे असं मात्र मी गिऱ्हाइकाला आजवर सांगितलं नाही. छिन्नी-हातोडा घेऊन बसतो आणि सांगतो, गिरणीचे दगड गुळगुळीत झालेत, टाकी लावून खडबडीत करतोय, सहानंतर या.

परवा एक म्हातारी डबा घेऊन आली, तिनं वाकून दगड बघितला. मग म्हणाली, "रोज टाकी लावतोस बाबा. जरा हळू लाव, दगड उरायचा नाय."

भिंतीपलीकडं टायपिंग एकदम थांबलं. मी हातोडा जरा जोरात मारला.