मामेसासऱ्यांची सबसिडी

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या भिवंडीत नसेल. आणि असलाच, तर त्याच्यावर आमच्या मामांचा आधीपासून संशय असेल. माझ्या बायकोचे हे धाकटे मामा तिथल्याच टेमघरला राहतात. जन्म गेला कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. ते निवृत्त झाले, संशय मात्र अजून ड्युटीवर आहे. चहाच्या पुड्याबरोबर बादली फुकट मिळाली, तर ते बादली दुकानदाराला परत करतात आणि पुडा हुंगत बसतात. "बादलीचे पैसे त्यानं चहातनंच काढलेत. भुसा हाय हा, भुसा!" लग्नात कुणी आग्रहाने दुसरी जिलबी वाढली, की पहिली तरी ताजी होती का, असा विचार करत ते हात आवरतात. मोबाइलशी तर उघड वैर. "मेसेज उघडला की खातं रिकामं," हा घरातला कायदा. मामीही तो निमूट पाळतात.

अशा माणसाच्या गच्चीवर सोलर बसलं ते मामींमुळे. त्या घरी कपडे शिवतात. मशीनला मोटर, डोक्यावर पंखा, त्यात गल्लीतल्या पोरींचे ब्लाउज; बिल दर महिन्याला फुगत चाललेलं. शेजाऱ्यांनी पॅनल लावले, सरकारकडून सबसिडीही आली, हे ऐकून मामींनी हट्ट धरला. मामांनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, ऊन पैल्यापास्नं फुकट. आता त्याच्यावर वर पैसे देतायत. यात गोम हाय का न्हाय?" गोम नाही, हे पटवताना माझा घसा बसला. शेवटी ते तयार झाले. पण पैसे आधी आपण भरायचे आणि सबसिडी मागून खात्यात येणार, हे कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हाताशी होती ती एकच एफडी, मामींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. फुकटच्या शिबिरात बायकोचा डोळा द्यायला मामा अर्थातच तयार नव्हते. मामी म्हणाल्या, "मोडा ती. डोळे थांबतील थोडे दिवस."

पॅनल बसले. मामा रोज गच्चीवर जाऊन जुन्या बनियनने काचा पुसू लागले. पावसाची सर आली तेव्हा त्यांनी पॅनलवर ताडपत्री टाकली. "नवी वस्तू हाय, भिजू द्यायची काय?" ती काढायला विसरले, आणि वीज तयार होत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बसवणाऱ्या माणसाशी भांडले. बिल मात्र खरोखर उतरलं. त्यावरही ते म्हणाले, "आता गोड बोलतायत, पुढं बघा."

सबसिडी काही येईना. मामा आपलं पासबुक घेऊन बँकेत जात, भरून घेत, आणि रिकाम्या रकान्याकडे बघत परत येत. हळूहळू त्यांचं भांडणंच थांबलं, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. एका दुपारी मी गेलो, तर मामी सुईत दोरा ओवायला धडपडत होत्या आणि बोटाला रक्त आलं होतं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साऱ्या दुनियेवर संशय घेतला मी. नेमका हितंच फसलो. तिच्या डोळ्याचे पैसे घालवले रे."

मी अर्जाची चौकशी केली, तर तो कधीच मंजूर झाला होता. मग सहज विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"तिच्या."

"मग पैसे तुमच्या खात्यात कसे येतील? ते मामींच्याच खात्यात जाणार."

मी मामींचा फोन मागितला. कायद्याप्रमाणे एकही मेसेज उघडलेला नव्हता, आणि उघडला असता तरी त्यांना वाचता आला नसता. सबसिडी जमा झाल्याचा बँकेचा निरोप कधीचा येऊन पडला होता. मी तो मोठ्याने वाचला. मामा मटकन खाटेवर बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग हसले, मग पुन्हा तोंड पुसलं. "खरा मेसेज हाय ना रे?" त्यांनी विचारलंच. खात्री करायला आम्ही मामींना घेऊन बँकेत गेलो. पैसे होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, मीटर मामींच्या नावावर कसं? ते बाहेर बघत म्हणाले, "मीटर काय, घरबी तिच्याच नावावर हाय. बाप गेल्यावर गावाकडं, अंजूरला, काकांनी माझ्या आयेला घराबाहेर काढलं. तवा माझ्या कमरेला धड चड्डी नव्हती. घर बांधलं तवाच ठरवलं, आपल्या मागं हिला कोण 'ऊठ' म्हणायला नको."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा मी तिथंच होतो. मामींनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग मामांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"अवो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"डॉक्टरनं लेन्स चुकीची टाकली वाटतं," मामा म्हणाले. मामींनी हात पुढे करून त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावली, आणि ते लहान मुलासारखे मान वर करून उभे राहिले.