झोपलेलं पाळणाघर

रत्नागिरीतल्या नोकरीत हाताखालून गेलेले बरेच गुन्हे आता आठवत नाहीत. ते पाळणाघर मात्र डोक्यातून जात नाही.

एकदा दुपारी पोलीस ठाण्यात एका बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. "साहेब, दीड वर्षाची मुलगी दाखल आहे. डोळे उघडत नाही. कुणीतरी गुंगीचं औषध दिलंय. दिवसभर पाळणाघरात असते."

मुलीची आई मासळीच्या कारखान्यात कामाला, वडील बोटीवर. आई तक्रार देईना. "पाळणाघर बंद झालं तर पोरीला ठेवू कुठं?" एवढंच म्हणत राहिली. शेवटी डॉक्टरांच्या खबरीवरून आम्ही निघालो.

दोन खोल्यांची स्वच्छ जागा. चटईवर दहा-बारा मुलं ओळीने झोपलेली. चालवणारी विधवा बाई म्हणाली, "जेवून झोपलीत." माझ्यासोबतची महिला शिपाई स्वतः आई होती. तिने स्टीलचं ताट उचलून फरशीवर आपटलं. एकही मूल हललं नाही.

"साहेब, ही झोप नव्हे," ती म्हणाली.

मुलांना ताबडतोब रुग्णालयात हलवलं. पंचनाम्यात सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या औषधाच्या बाटल्या जप्त झाल्या.

ठाण्यात बाईचं एकच पालुपद, "सर्दी होती म्हणून दिलं."

"सगळ्यांना एकाच दिवशी सर्दी?" महिला शिपायाने विचारलं.

बाई रडू लागली. "एकटी काय करू ओ? एक रडलं की सगळी रडतात. शेजारी घरमालकाकडे बोंब मारतात. थोडंसंच द्यायचे."

"परवाना आहे?" मी विचारलं.

"देतो कोण, ते तुम्हीच सांगा. दोन कचेऱ्या फिरले. दोघे म्हणाले, आमच्याकडे येत नाही."

थाप असेल म्हणून मी चौकशी केली. खरं निघालं. एका बाईने किती मुलं सांभाळावीत, खोली कोणी तपासावी, याचा नियम मला कुणी दाखवू शकलं नाही. वडापावच्या गाडीलासुद्धा परवाना लागतो.

मुलं बरी झाली. दोषारोपपत्र गेलं, बाईला शिक्षा झाली. पण खटला उभा राहण्याआधीच शेजारच्या गल्लीत दुसऱ्या एकीने पाळणाघर उघडलं, तेही विनापरवाना. मी बघायला गेलो तर तीच आई मुलीला सोडत होती. मला पाहून थबकली.

"कामाची वेळ झाली, साहेब," म्हणाली आणि निघून गेली.

गुन्हा घडल्यावर कुठलं कलम लावायचं, ते मला पाठ होतं. तो घडू नये म्हणून कुणाचं दार वाजवायचं, हे मी तिला सांगू शकलो नाही.