नटीची गुड न्यूज आणि शैलाकाकूंचा संशय

पार्लर चालवणाऱ्या बाईला गप्पा गोळा करायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तोंड आपोआप सुटतं. केडगावातल्या माझ्या पार्लरमधले केस मी रोज झाडून काढते, किस्से मात्र साचतच राहतात. त्यातले निम्मे शैलाकाकूंचे.

शैलाकाकू म्हणजे माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पूजाची सासू. माहेर सोनईचं, जीभ तिखट. दुपारचं जेवण झालं की मोबाईल घेऊन माझ्या बाकावर हजर. कुठल्याही नटीनं गुड न्यूज टाकली की काकूंचा पहिला शब्द ठरलेला, "खोटं हाय."

*

एका नटीनं समुद्राकाठी ठेवलेल्या इवल्याशा बुटांचा फोटो टाकला. खाली लोकांनी नुसते बदाम आणि फुलं पाठवलेली. काकूंनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"बूट तर मीबी आणीन बाजारातून. पोट कुठंय?"

पुढं तिनं पोटाचाही फोटो टाकला. काकूंनी तो बोटांनी ताणून मोठा केला, पाय तपासले, तोंड तपासलं. कुठंच सूज नाही, वर उंच टाचांची सँडल! निकाल लागला, "उशी बांधलीया."

*

एकदा मी भोळेपणानं एकीच्या फोटोखाली 'अभिनंदन' लिहिलं. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तुझ्या लग्नाला आल्ती का ती?"

*

शेजारच्या किराणा दुकानाच्या निर्मलाताई नट्यांच्या पक्क्या भक्त. एकीनं बाळाच्या तोंडावर बदाम चिकटवून फोटो टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, नजर लागू नये म्हणून झाकलं असेल. काकू म्हणाल्या, नजरेची एवढी भीती तर फोटो टाकायचाच कशाला, लेकरू दुसऱ्याचं असणार. निर्मलाताई गिऱ्हाईक आल्याचं सांगून दुकानात पळाल्या. खरं सांगते, मलाही ते पटलं.

*

मग निर्मलाताईंच्या लाडक्या नटीनं जाहीर केलं, आमच्या घरी नवा पाहुणा येतोय. निर्मलाताईंनी पार्लरमध्ये पेढे वाटले. काकूंनी आधी दोन पेढे खाल्ले, वर पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "जाहिरात असंल."

निर्मलाताई अशा चिडल्या की बोलायची सोय नाही. संध्याकाळी कळलं, नवा पाहुणा म्हणजे गादी! कुठल्याशा कंपनीनं तिच्याकडून जाहिरात करून घेतली होती. निर्मलाताई त्या नटीवर अजून रुसलेल्या आहेत.

*

आता पूजाचं सांगते. तिला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा काकूंनी आनंदाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. आणि ते राहिलं नाही. पुढं कितीतरी दिवस बायका 'कितवा लागला गं?' म्हणून विचारत आणि पूजा आत जाऊन रडे. मला त्या बायकांचा अजून राग येतो.

म्हणून मागच्या महिन्यात पूजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, चौथा लागलाय. ह्यांना सोडून कुणालाच सांगितलं न्हाई. आत्यांना तर कळताच कामा नये, गल्लीभर व्हईल." सासूला ती आत्या म्हणते.

मी शब्द दिला खरा, पण धडकी भरली. नटीचं पोट फोटोत तपासणारी बाई रोज समोर बसणार! पूजा सैल कुर्ते घालायला लागली. मी चहाचा कप घेऊन काकू आणि पूजाच्या मधे उभी राहायची.

आणि काल निर्मलाताईंनीच पूजाला वरून खाली न्याहाळलं. म्हणाल्या, "पूजा, अंगानं भरलीस गं. काय विशेष?"

पूजाचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"विशेष कसलं? घरचं तूप खाती. तू इकडं ये, हिचं बघ. हिचं पोट नक्की खोटं हाय."

निर्मलाताई लगेच मोबाईलवर वाकल्या. तेवढ्यात पूजा टॉवेल धुवायच्या निमित्तानं मागं निसटली.

निर्मलाताई गेल्यावर काकू उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "केसांच्या डायचं काम तूच करीत जा. पूजाला त्या वासात उभी करू नको."

मी गारच पडले. "काकू, म्हणजे तुम्हाला..."

"मला कायबी ठाऊक न्हाई," काकू म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.